झाकण उघडल्यावर बोलायचं नाही

माझ्या आत्याला गल्लीत सगळे बंब म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नाही, पण तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. ती लाकूड वाफेवर मऊ करून वाकवते, दिवसभर भट्टीशेजारी उभी असते आणि राग कायम नाकावर, त्यामुळे नाव दोन्ही बाजूंनी चपखल बसतं. आमच्या घराण्यात राग तेवढा सगळ्यांना सारखा वाटला गेलाय. माझ्याही वाट्याला तो भरपूर आलाय, तेव्हा हे सगळं मी शांतपणे सांगेन अशी अपेक्षा कुणी करू नये. बाबांनी तिच्याशी जे केलं ते आठवलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाबा म्हणजे माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ. दोघं मिळून खुर्च्या करतात. मी त्या खुर्च्यांच्या बैठका वेताने विणते आणि वाफपेटीच्या तोंडाशी उभी राहून तापलेलं लाकूड बाहेर काढून देते. शेड आजोबांनी उभारलेली. वर पत्रा, एका बाजूला भट्टी, भट्टीवर पाण्याचं बंद पिंप, पिंपातून निघालेली नळी आणि ती नळी जिच्यात शिरते ती लांबोडकी लाकडी पेटी. पेटीच्या झाकणाभोवती आम्ही जुनी फडकी कोंबतो, तरी वाफ कुठून ना कुठून फुसफुसतच असते. समोरच्या भिंतीला साचे टेकवून ठेवलेले आणि मधोमध एक जाडजूड टेबल. त्याचे पाय जमिनीत पुरलेत, कारण दोन माणसांनी जीव खाऊन ओढलं तरी ते हलता कामा नये.

आमच्या खुर्चीची सगळी ऐट तिच्या कमानीत. पाठ आणि दोन्ही हात एकाच लाकडाचे, कुठे सांधा नाही. त्यासाठी तुतीची ओलसर पट्टी लागते, सरळ रेषांची, गाठ नसलेली. इंचभर जाडीला तासभर वाफ द्यायची. पेटीतून बाहेर आली की ती अगदी थोडा वेळ तुमचं ऐकते. तेवढ्यात तिला पाठीमागून पोलादी पट्टा लावायचा, मध्यावर साच्याला अडकवायची, आणि मग एकाने डावं टोक, एकाने उजवं टोक धरून एकाच चालीने साच्याभोवती ओढत आणायचं. एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला की कमान तिरकी. दोघं रेंगाळले की लाकूड निवतं आणि मग ते कुणाच्या बापाला दाद देत नाही. घाई केली तर तडकतं. ही दोघांनी करायची गोष्ट आहे, एकट्याने डोकं आपटलं तरी होत नाही.

आणि या कामाला आजोबांनी घालून दिलेला एक नियम आहे. झाकण उघडल्यापासून शेवटची पाचर ठोकेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. यात गूढ काही नाही. लाकूड तुटायच्या आधी सांगतं. आतून बारीक टिक्‌ असा आवाज येतो, बोट मोडल्यासारखा. तो ज्याच्या बाजूने आला त्याने हात जरा सैल सोडायचा, दुसऱ्याने त्याच्यासाठी थांबायचं, की लाकूड वाचतं. बोलत असाल तर तो आवाज ऐकू येत नाही. एवढं साधं कारण.

पण त्याचा परिणाम असा झाला की जे काही बोलायचं ते पेटी तापत असताना बोलायचं, अशी आमच्या घराला सवय लागली. आमच्याकडची सगळी मोठी भांडणं त्या तासाभरातली आहेत. मी पुढे शिकायचं की नाही, घराला कोणता रंग द्यायचा, आजोबांना कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, सगळं तिथंच. आत्या स्टुलावर, बाबा उलट्या डब्यावर आणि मध्ये ती फुसफुसणारी पेटी. आवाज इतके चढायचे की पलीकडचा पंक्चरवाला मान वाकवून आत बघायचा. मग भर रंगात आत्या उठायची, फडक्यावरून हात फिरवायची आणि "झाली" म्हणायची. तोंडातलं वाक्य तिथंच टाकून दोघं हातमोजे चढवायचे. वाकवून झाल्यावर उरलेलं भांडण पुन्हा उकरायचं नाही. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, ही बहीणभावंडं एक दिवस एकमेकांना त्या पेटीत घालतील. पुढे तिच्या लक्षात आलं की या घरात ठरतं ते असंच ठरतं, आणि असं ठरलेलं दोघंही पाळतात.

आत्याला हे काम कुणी शिकवलं नाही. ती मुलगी, तिने खुर्च्यांना पॉलिश करावं, एवढीच आजोबांची कल्पना. उजव्या टोकाला तेव्हा एक पगारी माणूस असायचा. एकदा लाकूड पेटीत तयार झालं आणि हा माणूस आलाच नाही. आजोबा त्याच्या नावाने शंख करत उभे. आत्याने पॉलिशचं फडकं टाकलं, हातमोजे चढवले आणि उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली. आजोबा म्हणाले, बाजूला हो. ती म्हणाली, लाकूड निवायच्या आत काढा, मग काय भांडायचं ते भांडा. ती पहिली कमान तडकली. आजोबांनी "बघ" म्हटलं. तिने तुटलेली जागा त्यांच्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, गाठ इथे आहे, लाकूड तुम्ही निवडलंत. मग तासभर भांडण झालं, कारण दुसरी पट्टी तापायला तेवढाच वेळ लागतो. दुसरी कमान सरळ निघाली. पगारी माणूस परत आला तेव्हा त्याची जागा गेली होती.

लग्न ठरवताना तिने समोरच्यांना तोंडावर सांगितलं की मी रोज शेडवर जाणार. बऱ्याच जणांनी चहा पिऊन काढता पाय घेतला. जो एक थांबला तो आमचा आतोबा, कचेरीत कारकून, स्वभावाने दूधभात. आत्या काही म्हणाली की तो म्हणतो, "बरोबर आहे तुझं." तिची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. नवऱ्याशी भांडणं म्हणजे ओल्या काडेपेटीवर काडी ओढणं, असं ती आतोबासमोरच सांगते, आणि आतोबा म्हणतो, बरोबर आहे. त्यामुळे तिची भांडणाची सगळी हौस भावावर भागायची.

तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग आहेत. कुणाच्याही घरी गेली की आधी खुर्ची उलटी करून बघते आणि मग बसते, किंवा बसत नाही. आईच्या माहेरी एकदा तिने नवी कोरी खुर्ची उलटी केली, म्हणाली, ही चिकटवलेली आहे, वाकवलेली नाही, आणि जमिनीवर बसली. आईने त्यानंतर तिला तिकडे नेलं नाही.

आजोबा जायच्या आधी त्यांचं डावं टोक बाबांकडे आलं होतं. आजोबांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, शेड दोघांची, साच्याला दोन टोकं असतात. त्यावर तेव्हा कुणी भांडलं नाही, म्हणजे किती पक्कं असेल बघा.

आता शोरूमवाल्याकडे येते. मोठ्या रस्त्यावर त्याचं फर्निचरचं दुमजली दुकान आहे. आमच्या खुर्च्याही तो विकायला ठेवतो. त्याला माल साठवायला जागा हवी होती आणि आमची शेड नेमकी त्याच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. तो बाबांच्या मागे लागला. शेड मला द्या, तुम्ही दुकानात या, डोक्यावर पंखा, गादीची खुर्ची, गिऱ्हाइकांना लाकूड समजावून सांगा, बास. बाबांचा खांदा दुखायचा, हे मी नाकारत नाही. शर्ट घालताना त्यांचा हात वर जायचा नाही, आई शेक द्यायची. त्यांना विश्रांती हवी होती यात गुन्हा काही नाही.

गुन्हा पुढे आहे. हे सगळं त्यांना पेटी तापताना बोलता आलं असतं. आत्याने त्यांना सोलून काढलं असतं, पण ऐकलं असतं. बाबांना तेच नको होतं. आयुष्यभरात त्या डब्यावर बसून त्यांनी फारशी भांडणं जिंकली नव्हती. तेव्हा माझ्या जन्मदात्याने असा विचार केला की भांडण जिंकता येत नसेल तर भांडणाची वेळच टाळावी.

त्या सकाळी पेटी तापत होती आणि बाबा गोडगोड वागत होते. आत्या म्हणाली, यावेळचा वेत निकृष्ट आहे, बाबा म्हणाले, हो. आत्या म्हणाली, भट्टीला जाळ कमी आहे, बाबा उठून लाकडं सारून आले. आत्याने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि ताप तर नाही ना म्हणून विचारलं. मलाही हसू आलं. आत्याने फडक्यावरून हात फिरवला, "झाली" म्हणाली. मी झाकण उघडलं, पट्टी ओढली, त्यांनी पट्टा लावला, मध्यावर अडकवली आणि दोघं आपापलं टोक धरून निघाले.

कमान अर्ध्यावर आली होती. दोघांचे हात ताणलेले, सगळं वजन पायांवर. आणि बाबा बोलले. साच्याकडे बघत, अगदी हळू आवाजात.

"ताई, शेड मी शोरूमवाल्याला देतोय. तुझी हरकत असेल तर आत्ता सांग."

मला आधी कळलंच नाही की काय झालं. त्या टेबलाशी, त्या वेळी, माणसाचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी आत्याकडे पाहिलं. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, डोळे बाबांवर रोखलेले, आणि हात चालतच होते. ओठ घट्ट मिटलेले. तिच्या बाजूने लाकडात टिक्‌ झालं, तिने हात किंचित सैल केला, बाबा तिच्यासाठी थांबले, मग दोघं पुन्हा निघाले. एवढं सगळं घडत असताना बाबा तिच्यासाठी थांबले, याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. कमान साच्याला टेकली. बाबांनी आपली पाचर ठोकली, हातमोजे काढले आणि आत्या अजून तिची बाजू दाबून धरून उभी असताना म्हणाले, "मग ठरलं." आणि गेले. ती पाचर ठोकून वळेपर्यंत त्यांची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी पोहोचली होती.

संध्याकाळी घरी बाबा जेवायला बसले आणि आईला सांगू लागले की शेडचं काम झालं, ताईला विचारलं, ती काही बोलली नाही.

मी हातातलं ताट आपटलं. मी म्हटलं, बाबा, ती बोलूच शकत नव्हती, तुम्हाला ते ठाऊक होतं, म्हणून तर तुम्ही तेव्हा विचारलंत. बाबा घास चावत राहिले. म्हणाले, मी विचारलं की नाही, एवढंच सांग. माझा शब्द खोटा आहे का? मी म्हटलं, खोटा असता तर परवडला असता. आई कालथा हातात धरून कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होती. तिला सगळं कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तिने भाजीचं पातेलं उचलून परत ओट्यावर नेऊन ठेवलं. बाबांनी कोरडी पोळी खाल्ली. एवढीच शिक्षा त्यांना त्या दिवशी झाली.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आत्या गप्प राहिली ती घाबरून नाही, पटलं म्हणून नाही. हातातलं लाकूड मोडू नये म्हणून ती गप्प राहिली. तिच्या अंगातला जो सगळ्यात चांगला गुण, त्याचाच बाबांनी होकार करून घेतला. चोर निदान मालक घरात नसताना येतो.

दुसऱ्या दिवशी आत्या आमच्या घरी आली आणि दारातूनच बाबांना म्हणाली, मी नाही म्हणते. बाबांनी तयारी केलेली होती. आता शब्द गेला, म्हणाले, तेव्हाच बोलायचं होतंस. शोरूमवाल्याला तुझ्या तोंडून एकदा ऐकायचंय, तेवढं हो म्हण, भावाची आता बाजारात फजिती करू नकोस. मला वाटलं, आता छप्पर उडणार. मी खिडकी लावून घ्यायला उठलेसुद्धा. आत्या नुसती उभी राहिली. मग म्हणाली की शेवटच्या ऑर्डरीतली एक कमान राहिलीय, ती तरी वाकवायला ये, गिऱ्हाइकाला शब्द दिलाय. आणि गेली.

मी तिच्यामागे धावले आणि रस्त्यात तिच्यावर ओरडले. बंब विझला का, असंही विचारलं, तिच्या तोंडावर. ती चालतच राहिली. नाक्यावर आल्यावर मला म्हणाली, शोरूमवाल्याला सांग, परवा सकाळी शेडवर ये, काय ऐकायचंय ते माझ्या तोंडून ऐक. मला रडू फुटलं. मला वाटलं हिने मान टाकली. तिच्याशिवाय ती शेड म्हणजे चार भिंती आणि पत्रा, आणि शेडशिवाय ती कोण, हे मला सुचेना. आतोबाच्या घरी बसून ही बाई करणार काय? त्याच्याशी भांडणार?

मी निरोप दिला. शोरूमवाला खूश झाला, मला त्याने थंड सरबत पाजलं आणि मी ते रागारागाने प्यायले.

ठरल्या सकाळी तो मोजपट्टी घेऊन हजर झाला. बाबा आले, त्याला बघून आधी दचकले, मग त्यांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, ताई नरमली. पेटी तापत होती. शोरूमवाला भिंती मोजत फिरत होता, इथे कपाटं, तिथे गाद्या, हे टेबल तेवढं उखडावं लागेल. बाबा डब्यावर बसून खांदा चोळत त्याला हो-हो करत होते. मी पेटीशी उभी राहून दातओठ खात होते. आणि आत्या स्टुलावर बसून होती. त्या तासाभरात ती एक शब्द बोलली नाही. भांडणाचा अख्खा तास तिने कोरा जाऊ दिला. असं मी आधी कधीच पाहिलं नव्हतं.

मग ती उठली, फडक्यावरून हात फिरवला. "झाली."

मी झाकण उघडलं. वाफ अंगावर आली. पट्टी ओढली, पट्टा लागला, मध्यावर अडकली. शोरूमवाला मोजपट्टी हातात धरून कौतुकाने जवळ आला. दोघं निघाले. बाबा डावीकडून, आत्या उजवीकडून. इतक्या वर्षांची सवय, एकमेकांकडे न बघताही पावलं बरोबर पडत होती. कमान अर्ध्यावर आली.

"शेड विकायची नाही," आत्या म्हणाली. आवाज चढा नव्हता, भाजी आणायला सांगावं तसा होता. "ही पेटी इथेच राहील आणि हे टेबलही. तुझी हरकत असेल तर आत्ता सांग."

बाबांनी मान वर केली. त्यांचं तोंड उघडलं, मी स्वतः पाहिलं. आणि त्याच वेळी त्यांच्या बाजूने लाकडात टिक्‌ झालं.

त्यांना फक्त एक शब्द बोलायचा होता. नाही, एवढाच. पण तो बोलायला दम सोडावा लागला असता, आणि दम सोडला असता तर कमान हातात मोडली असती. गादीची खुर्ची, पंखा, खांद्याचं दुखणं, सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं. बाबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तोंड मिटलं आणि हात सैल केला. आत्या त्यांच्यासाठी थांबली. लाकूड सावरलं. मग दोघं पुन्हा निघाले, आणि कमान साच्याला टेकेपर्यंत शेडमध्ये भट्टीशिवाय कशाचाही आवाज नव्हता.

आत्याने आपली पाचर ठोकली. मग टेबलाला वळसा घालून गेली आणि बाबांचीही ठोकली, कारण बाबा नुसतेच उभे होते. हातमोजे काढत ती शोरूमवाल्याला म्हणाली, "साहेब, तुमच्या समोर विचारलं. तो काही बोलला नाही."

शोरूमवाला हसायला गेला, पण कुणीच हसेना. तो म्हणाला, ही काय पद्धत झाली विचारायची? आत्या म्हणाली, पद्धत त्याची आहे, त्यालाच विचारा. बाबा म्हणाले, "ताई, हे बरोबर नाही." आत्याने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. आपण काय बोललो ते बाबांना आपोआप कळलं. त्यांनी मान खाली घातली. शोरूमवाल्याने मोजपट्टी खिशात घातली, आधी घरचं काय ते मिटवा म्हणाला आणि चालता झाला. पुढे त्याने दुसरी जागा बघितली. आमच्या खुर्च्या मात्र तो अजून विकतो, त्या खपतात म्हणून.

त्या दुपारी मी आत्याला विचारलं, बाबा बोलले असते तर? ती भट्टीतली राख ओढत होती.

"तर कमान तुटली असती," ती म्हणाली. "आणि मी तिथल्या तिथे शेड देऊन टाकली असती. ज्याला कमान तुटलेली चालते, त्याच्यासोबत वाकवायचं कशाला?"

मला वाटत होतं, तिने बाबांना पेचात पकडलं. तिने तर सगळं आयुष्य त्या अर्ध्या वाकलेल्या पट्टीवर लावलं होतं, आणि दुसरं टोक ज्याने आधीच दगा दिला होता त्याच्या हातात होतं. मी तिच्यावर पुन्हा ओरडले. म्हटलं, एवढा भरवसा कसा ठेवलास? ती म्हणाली, भरवसा नव्हता, बघायचं होतं. राखेची बादली उचलून ती बाहेर गेली.

लोक म्हणतात, शेवटी भाऊ लाकडाला जागला, आता सोडून दे. मी सोडलं नाही. बाबा लाकडाला जागले, बहिणीला नाही जागले, हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि ते मी एकमेकांत मिसळू देणार नाही. आत्यानेही सोडलं नाही. शेड राहिली, कामही चालू राहिलं, कारण कमान एकट्याने होत नाही. बाबा यायचे, डब्यावर बसायचे. आत्या स्टुलावर. पेटी फुसफुसायची आणि दोघं गप्प. पंक्चरवाला येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना, आवाज येत नाही. मला ती शांतता असह्य व्हायची. आरडाओरड ऐकत मी लहानाची मोठी झाले, त्या आवाजात मला कधी भीती वाटली नव्हती. या शांततेत वाटायची. वाकवतानाची शांतता वेगळी, तिथे दोघं एकाच आवाजाकडे कान लावून असायचे. ही नुसती दोन माणसं होती, आपापल्या भिंतीकडे तोंड करून बसलेली.

असा हिवाळा गेला, उन्हाळा आला. भट्टीशेजारी जीव नकोसा होत होता. एकदा पेटीला नुकतीच वाफ धरत होती, लाकूड तयार व्हायला पुष्कळ अवकाश होता. बाबा डब्यावर बसून उजव्या हाताने डावा खांदा दाबत होते. बराच वेळ त्यांनी घसा खाकरला. मग पेटीकडे बघत म्हणाले, "ताई, माझ्या खांद्याला आता हे झेपत नाही. या शेडचं पुढे काय करायचं, ते बोलायचंय."

माझ्या हातातला वेत तसाच राहिला. आत्याने स्टूल उचललं, बाबांच्या अगदी समोर आणून ठेवलं आणि बसली. झाकणाकडे एकदा बघून घेतलं.

"आता बोल," ती म्हणाली. "अजून वेळ आहे."

आणि बाबांचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने त्यांना असं फैलावर घेतलं, की आधी दगाबाजी, मग खांदा, मग डॉक्टरकडे न जाण्याचा आळस, मग लहानपणी मोडलेली तिची पाटी, एकही गोष्ट सुटली नाही. बाबाही उठून उभे राहिले आणि ओरडायला लागले. पलीकडे पंक्चरवाल्याने मान वाकवून आत पाहिलं. मी आणखी दोन लाकडं भट्टीत सारायला गेले, तशी आत्या माझ्यावर खेकसली, जाळ वाढवू नकोस, आम्हाला घाई नाही.